खिळा ज्याचा त्याला

धकातेबाई गेल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोटो चौकातल्या पिंपळाला खिळ्यांनी ठोकलेला मी पाहिला. फलक चांगला मोठा होता. त्यात बाई अंगठ्याएवढ्या आणि त्यांना श्रद्धांजली वाहणारे भाऊसाहेब हातभर. भाऊसाहेब हे आमच्या वॉर्डाचे पुढारी. चेहऱ्यावर वाढदिवसाच्या फलकावरचंच हसू होतं, कारण फोटो तोच होता. बाईंच्या नावाखाली ‘विणकर-कन्या, पर्यावरणप्रेमी’ असं छापलेलं. ज्या बाईने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं झाडांतले खिळे उपटण्यात घालवली, तिच्या श्रद्धांजलीसाठी एक जिवंत झाड चार कोपऱ्यांत ठोकून काढावं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसू नये, ही आमच्या चौकाची रीत. बाई असत्या तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे मला शब्दशः माहीत आहे. पण ते छापता येणार नाही.

बाई आणि मी एकाच शाळेत होतो. मी इतिहास शिकवायचो, त्या कार्यानुभव. ज्या विषयाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला बहाल केला जातो, तो हा विषय. ‘हाताने काम करा’ असं सुविचाराच्या फळ्यावर लिहायचं आणि हातांचा तास कापायचा, याचा बाईंना इतका संताप होता की त्या स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांच्या शेजारी कधी बसल्या नाहीत. शाळेत त्या स्वच्छ प्रमाण मराठी बोलत. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन स्टेजवरून उतरताना मला म्हणाल्या, “संपलं सर. आजपासून मी मह्या बाच्या भाषेत बोलीन.” आणि तसंच केलं.

त्यांचं घर तांडापेठेत, माझ्या घरासमोर. वडील हातमागावरचे विणकर. गल्लीत तेव्हा घराघरात माग होते आणि सकाळी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे गल्लीभर लांब ताणून त्यांना खळ लावत. त्याला पांजण म्हणायचे. आता गल्लीत एकही माग नाही. कुणी इतवारीत कापडाच्या दुकानात उभा आहे, कुणी रिक्षा चालवतो. बाईंच्या मागच्या अंगणात वडिलांच्या मागाची जागा मोकळी होती. तिथे बाईंनी निवृत्तीनंतर आरा मशीन बसवली.

हे खूळ नव्हतं, राग होता. शाळेच्या आवारातला शिरीष पडला तेव्हा त्याचं लाकूड मुलांच्या कामाला यावं म्हणून बाई ओंडका घेऊन लकडगंजात गेल्या. तिथल्या आरेवाल्याने बुंध्यावर हात फिरवला आणि मान हलवली. शहराचं झाड आम्ही कापत नाही, म्हणाला. जंगलातल्या झाडात लाकूड असतं, शहराच्या झाडात खिळे. एक खिळा लागला की आऱ्याची पट्टी गेली. बाई भांडल्या, पण तो माणूस खरं बोलत होता हे त्यांना कळलं होतं, आणि खऱ्याशी भांडावं लागलं की त्यांना जास्तच राग यायचा. ओंडका शेवटी घाटावर जळणात गेला. बाईंनी वर्षभर खेटे घालून परवानगी मिळवली, ती चौकटीत घालून मशीनच्या वर टांगली, आणि जमिनीवर दोन रूळ टाकले. रुळांवर ढकलायची गाडी, गाडीत दोन चाकं, चाकांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. ओंडका स्थिर, गाडी पुढे जाते, फळी सुटते. सांगायला इतकंच. करायला गेलं की सगळं पट्टीवर येतं.

पहिली पट्टी निवडताना बाईंनी जी चूक केली, ती कोष्ट्याच्या घरात जन्मलेलं माणूसच करू शकतं. मी त्या वेळी सोबत होतो. लकडगंजातला पट्टीवाला मनसुखभाई एकेक वेटोळं उलगडून दाखवत होता. रुंद, अरुंद, मोठ्या दातांच्या, लहान दातांच्या. बाईंनी सगळ्यांत बारीक दातांची उचलली.

“मॅडम, ये गीली लकडी के लिये नहीं,” मनसुखभाई म्हणाला. “इसका दाँत बहुत बारीक है.”

“बारीक आहे म्हणूनच तं पाह्यजे,” बाई म्हणाल्या. “मले फणीची अक्कल नको शिकवू भैया. जेवढी फणी बारीक तेवढं कापड उंची.”

फणी म्हणजे मागावरची कंगव्यासारखी चौकट, तिच्या फटींतून ताण्याचे धागे जातात. फटी जितक्या दाट तितकं कापड तलम. तीन पिढ्यांनी घोटलेलं हे शहाणपण बाईंनी ओल्या बाभळीवर वापरलं. पट्टी हातभर नीट गेली. मग दातांमधल्या इवल्याशा खाचा भुश्याने भरल्या, भुसा बाहेर पडेना, पट्टी तापली आणि लाकडात वाट फुटेल तशी भटकू लागली. फळी निघाली ती नागमोडी. बाईंनी मशीन बंद केली, फळीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दात कापत नाही सर. दातामधली जागा कापते. हे मले कोणं सांगतलं नाही.”

“मनसुखभाईने सांगितलं होतं,” मी म्हणालो.

“तुम्ही इतिहासवाले. मेलेल्याची बाजू घ्या, जित्याची काहून घेता?”

ती पट्टी त्यांनी फेकली नाही. पुढच्या खोलीत, वडिलांच्या फोटोशेजारी खुंटीला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, “हे माह्यं शहाणपण.”

त्यानंतर मात्र पट्टी निवडणं हा त्यांचा धर्म झाला, आणि मनसुखभाईची साडेसाती. कुठल्याही पट्टीवर ‘इम्पोर्टेड’ लिहिलेलं असलं की त्या ती प्रथम बाजूला सारत. “ज्याले आपलं गाव लपवायचं असते तो इम्पोर्टेड लिहिते,” म्हणायच्या. दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले असतात. ते दोन्हीकडे सारखे वाकलेत का हे त्या डोळे मिटून अंगठ्याने बघत. घरी आणलेली पट्टी चढवली की ती ताणून बोटाने छेडायची आणि कान लावायचा. ताणा ढिला असला की वडील असंच करत. मग परीक्षा. त्यासाठी दोन लाकडं ठेवलेली असत. एक बाभूळ, कारण ती दुष्ट. दुसरं संत्र्याचं जुनं खोड, काटोलच्या एका बागेतून उपटलेलं, कारण ते घट्ट आणि बारीक वाढीचं, आणि पट्टी जरा जरी भटकली तरी त्यावर लगेच दिसतं. कापून झालं की भुसा चिमटीत घ्यायचा. “रवा पडला तं पट्टी बरी. पीठ पडलं तं ती कापून नाही, घासून राहिली.” मग फळीवर सुताचा धागा ताणून, वाकून, उजेड कुठून येतो ते बघायचं. उजेड दिसला की पट्टी मनसुखभाईकडे परत. मनसुखभाई म्हणायचा, “मॅडम, लोग बहू इतना देख के नहीं लाते.” बाई म्हणायच्या, “म्हणून तं घरं मोडून राहिली.”

पण चांगल्यातली चांगली पट्टीसुद्धा खिळ्यापुढे हरते. शहरातली पडलेली झाडं बाईंकडे येऊ लागली आणि खिळे निघू लागले. कोचिंग क्लासचे, मूळव्याधीच्या डॉक्टरचे, घर भाड्याने देणाऱ्यांचे, आणि सगळ्यांत जास्त शुभेच्छांचे. सालीने गिळलेले, वरून न दिसणारे. बाई जाड लोहचुंबक दोरीला बांधून ओंडक्यावरून फिरवायच्या, कुठे ओढ लागते ते बघायच्या, तरी एखादा खोल गेलेला सुटायचा आणि पट्टी जायची. प्रत्येक तुटलेल्या पट्टीमागे एक खिळा, आणि प्रत्येक खिळ्यामागे एक हसरा चेहरा. मग बाईंनी उभ्या झाडांवरचेच खिळे काढायला सुरुवात केली, आणि एक नियम केला. खिळा ज्याचा त्याला परत द्यायचा. हातात.

कोचिंग क्लासच्या काउंटरवर त्यांनी खिळा ठेवला तेव्हा मी दारात होतो. आतला तरुण टाय लावलेला.

“काय आहे हे मॅडम?”

“तुमचा आहे. आमच्या कडुनिंबात राह्यला होता.”

“आमचा कशावरून?”

“त्याले तुमची पाटी लटकली होती बाप्पा. बापाचं नाव लिहिलेलं पोरगं आहे ते, नाही म्हणू नका.”

मूळव्याधीच्या डॉक्टरने खिळा मुकाट घेतला. भाऊसाहेबांचा मात्र काही केल्या परत जाईना. बाई त्यांच्या संपर्क कार्यालयात किती वेळा गेल्या असतील. साहेब मीटिंगमध्ये, साहेब मुंबईला, साहेब दर्शनाला. पीए म्हणायचा, “ठेवून जा ना बाई, देतो मी.” बाई म्हणायच्या, “खिळा त्यायचा, हात तुहा कसा चालन?” तो खिळा त्यांच्या पिशवीत छत्रीसोबत कायम असायचा.

ज्या कडुनिंबात तो ठोकला होता, तो बाईंच्या दारातला. सगळी गल्ली त्याच्या सावलीला. आमच्या गल्लीचा रस्ता सिमेंटचा झाला त्या वर्षी कंत्राटदाराने त्याच्या बुंध्याला चिकटवून सिमेंट ओतलं. बाई आधीच त्याच्या इंजिनिअरशी भांडल्या होत्या. भोवताली हातभर माती सोडा, एवढंच मागणं. तो म्हणाला, एस्टिमेटमध्ये नाही. बाई म्हणाल्या, “जागा नाही सोडली तं काय होते, मह्या घरात टांगलेलं आहे. येऊन पाहा.” तो आला नाही. बाईंनी भर दुपारी पहारीने बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडलं. माणसं आली आणि पुन्हा ओतून गेली. शिवाय रस्ता जुन्या रस्त्यावरच चढवलेला, त्यामुळे गल्लीतली सगळी घरं रस्त्याच्या खाली गेली. पहिल्याच पावसाळ्यात पाणी घराघरात शिरलं. सोनाबाई म्हणून शेजारी एक म्हातारी विणकरीण एकटी राहते. पाणी उतरेपर्यंत ती पलंगावर पाय घेऊन बसून होती आणि तिच्या डाळ-तांदळाचे डबे खोलीत तरंगत होते. भाऊसाहेबांनी त्या वर्षी चौकात फायबरचा हातमाग बसवला. खाली कारंजं. नाव ‘विणकर वैभव’.

मग कडुनिंब वाळला. उन्हाळ्यात एका बाजूने कलला, ‘धोकादायक’ ठरला आणि तोडला गेला. फांद्या गेल्या, बुंधा ट्रकमध्ये टाकायची वेळ आली तेव्हा बाई डबा घेऊन आल्या आणि बुंध्यावर बसून जेवू लागल्या.

महापालिकेचा मुकादम म्हणाला, “बाई उठा ना, ट्रक उभा आहे.”

“उभा राहू दे. मी बसली आहे.”

“सरकारी लाकूड आहे ते.”

“झाड मेलं तवा कोणाचं होतं?”

त्या लोणच्याची फोड चोखत राहिल्या. गल्ली जमली. मुकादमाने फोनवर कुणाशी तरी बोलून बघितलं, पण बाईमाणसाला उचलून बाजूला करा असं फोनवरही कुणी सांगेना. संध्याकाळी ट्रक रिकामा गेला. बुंधा आम्ही सगळ्यांनी पाइपांवरून घरंगळवत बाईंच्या अंगणात नेला.

त्यातून काय करायचं हे बाईंचं ठरलेलं होतं. पाऊस तोंडावर होता. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर दोन बाजूंना खाचा करायच्या आणि त्यात एक जाड फळी उभी सरकवायची. पाणी बाहेर, माणसं आत. सोनाबाईच्या दाराला पहिली. कडुनिंब कीड धरत नाही. पण बाईंकडे आता एकच धड पट्टी उरली होती. बाकीच्या शुभेच्छांनी खाल्ल्या होत्या. आणि त्यांच्या मशीनच्या मापाची पट्टी जोडून देणारा लकडगंजातला वेल्डर गावी लग्नाला गेलेला.

बाईंनी लोहचुंबक एरवीपेक्षा अधिक वेळ फिरवला. वरचे खिळे काढले, प्रत्येकाला एक शिवी दिली. शेवटच्या पट्टीची बाभळीवर पुन्हा परीक्षा घेतली. रवा पडला. सोनाबाई पाटावर बसून बघत होती, आम्ही काही जण भिंतीला टेकून. पहिल्या दोन फळ्या अशा निघाल्या की धाग्याखालून उजेड नाही. बाईंच्या चेहऱ्यावर मी समाधान क्वचित पाहिलं आहे. त्या वेळी पाहिलं. तिसऱ्या फळीच्या अर्ध्यावर खाडकन आवाज झाला, गाडी हिसका देऊन थांबली आणि पट्टी तुटून आतल्या आत गुंडाळली गेली.

बाईंनी मशीन बंद केली. शिव्या येणार हे ठरलेलं होतं, फक्त कुणाच्या नावाने एवढंच कळायचं होतं. त्यांनी पटाशी-हातोडी घेतली आणि कापाच्या तोंडाशी लाकूड फोडत गेल्या. बुंध्याच्या पार पोटात, चुंबकाला न लागेल इतक्या खोल, लोखंड दिसलं. खिळा नव्हता. बोटभर जाडीची कडी होती, घडवलेली, मागे लांब शेपूट असलेली.

“हे कोणाचं?” बाई म्हणाल्या.

सोनाबाई पाटावरून उठली, जवळ आली, वाकून बघितलं.

“वं कुसुम,” ती म्हणाली, “ही तं तुह्या बाची कडी. पांजणीची. ताणा बांधे तो इथी.”

बाईंनी कडीवरचा भुसा अंगठ्याने पुसला.

“झाडात ठोकली त्यानं?”

“मंग काय माह्या डोक्यात ठोकनार? झाड लहान होतं तवा. झाडानं खाल्ली असन मंग.”

“मले सांगतलं काहून नाही?”

“तू तवा शाळेत शिकत होती. तुले पांजणीची लाज वाटे.”

बाई खाली बसल्या. त्या रडतील असं मला वाटलं आणि मी नजर वळवली. इतक्या वर्षांत मी त्यांना ओळखलंच नव्हतं. त्या चिडल्या. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, वडिलांवर, समोर बसलेल्या माणसावर चिडावं तशा. “झाडाले कडी ठोकतेस बा, एक खुंटा नाही गाडता आला? साऱ्या शहराच्या लोकायले मी शिव्या देऊन राहिली, अन् तुह्या लोखंडावर मही पट्टी तोडतेस?” सोनाबाई मधेच म्हणाली, “पुरे वं, तो बिचारा मेला.” बाई म्हणाल्या, “मेला म्हणून सुटन का?”

मग त्या उठल्या, पुढच्या खोलीत गेल्या आणि खुंटीवरची ती बारीक दातांची पट्टी घेऊन आल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी ती चढवली, ताणली, छेडली, तोंड वाकडं केलं आणि कापायला लागल्या. वीतभर जायचं, थांबायचं, दातांतला भुसा झटकायचा, पाणी सोडायचं, पट्टी निवू द्यायची, पुन्हा वीतभर. चुकीच्या पट्टीने बरोबर काम करून घेण्यात किती शिव्या लागतात ते मी त्या दिवसांत ऐकलं. भुसा पिठासारखा पडत होता. फळ्या निघाल्या त्या सगळ्या वाकड्या, लाटांच्या. बाईंनी त्यांच्याखाली गोणपाटाच्या पट्ट्या ठासल्या आणि घरोघरच्या उंबऱ्यांवर बसवल्या. “सरळ नाहीत,” त्या प्रत्येकाला सांगत. “पण त्यायच्या रस्त्यापेक्षा बऱ्या.” सोनाबाईच्या दाराला त्या दोन सरळ फळ्या लागल्या. कडी असलेला जाड तुकडा कडीसकट त्यांनी स्वतःच्या दाराला लावला. कडी काढायला लाकूड आणखी फोडावं लागलं असतं, असं कारण सांगितलं.

त्या पावसाळ्यात एकाही घरात पाणी शिरलं नाही. रस्त्यावर मात्र साचलं, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. ‘विणकर वैभवा’चा माग कारंज्यासकट गुडघाभर पाण्यात उभा होता. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर भाऊसाहेब पाहणीला आले. सोबत फोटोवाला, छत्री धरणारा, पीए आणि ‘बरं का’ म्हणणारे चौघे.

बाईंची मी ठेवून घेतलेली शेवटची आठवण ही. पुढे त्या हिवाळ्यात गेल्या, दवाखान्यात. तिथलं मला आठवायचं नाही.

बाई दारात, कडीच्या फळीच्या आतल्या बाजूला, पाटावर बसून पट्टीचे दात कानशीने घासत होत्या. भाऊसाहेब रस्त्यावर उभे राहिले. रस्ता इतका वर आणि घर इतकं खाली की त्यांचे पांढरे बूट आणि बाईंचं डोकं एका पातळीत आलं. फोटोवाल्याला तो कोन जमेना.

“बाई, ऐकलं बरं का तुमच्या फळ्यांचं,” भाऊसाहेब वाकून म्हणाले. “अभिमान वाटला. सत्कार ठेवतो तुमचा, चौकात. विणकर-कन्या म्हणून.”

“आत या ना,” बाई म्हणाल्या. “पाय उचलून या. फळी फुगली, निघत नाही.”

भाऊसाहेबांनी फळीकडे पाहिलं, आतल्या काळोखाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. “पुन्हा येतो की. आज जरा गडबड आहे.”

“मंग हात तरी द्या.”

बाईंनी पिशवी ओढली, छत्रीखाली चाचपलं आणि मूठ वर केली. समोरून मूठ आली की ओंजळ पुढे करायची सवय भाऊसाहेबांना प्रसादाने लागलेली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईंनी त्यात खिळा ठेवला. गंजलेला, लांब, डोकं चेपलेला.

“हे काय?”

“तुमचा आहे,” बाई म्हणाल्या, आणि कानस पुन्हा पट्टीला लावली. “आमचा आम्ही ठेवून घेतला.”